भुलाबाई आमच्या घरी आली तेव्हा

बाळांनो,

तुमच्यातल्या धाकटीनं मला लिहिलं आहे की नव्या शाळेत मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन वाचनालयात जाते आणि पुस्तकाच्या आड बसून खाते, कारण जेवणाच्या हॉलमध्ये कोणत्या टेबलाशी बसावं हे तिला अजून कळलेलं नाही. शेवटी तिनं विचारलं आहे, ‘आजी, तू कुठं बसायचीस?’

प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तर मी साठ वर्षं कोणाला दिलेलं नाही, तुमच्या आजोबांनासुद्धा नाही. नीट क्रमानं सांगते. आधी जागा सांगते, मग माणसं, मग घडलं ते.

तेव्हा भिलाईत कारखाना उभा राहत होता आणि त्याच्यासोबत गाव. आमच्या शाळेच्या भिंतींना चुन्याचा ओला वास यायचा. पटांगणात रोपं लावली होती आणि त्यांच्याभोवती विटांची गोल कुंपणं होती, पण झाडं आमच्यापेक्षा बुटकी. सावली होती ती फक्त व्हरांड्यात. म्हणून मधल्या सुट्टीत सगळ्या मुली व्हरांड्यातच बसत, आणि कोणता खांब कोणाचा हे ठरलेलं होतं. पहिल्या खांबाशी बंगाली मुली, दुसऱ्याशी पंजाबी, पुढे तामिळ आणि मल्याळी एकत्र. ऑफिसच्या दारासमोरचा खांब मराठी मुलींचा. देशभरातून लोक आले होते, आपापली भाषा घेऊन, आणि मुली भाषेच्या सावलीत बसत होत्या. ज्यांना खांब नव्हता त्या पटांगणाच्या टोकाला नळापाशी बसत. तिथं आसपासच्या खेड्यांतल्या छत्तीसगडी मुली होत्या, आणि कॅम्पातल्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांतून येणाऱ्या. तिथं ऊन होतं, चिखल होता, आणि हसण्याचा आवाज सगळ्यांत मोठा तिथूनच यायचा.

मी नववीत होते. माझे वडील कारखान्यात क्रेन चालवत. त्याआधी ते नागपूरला रेल्वेत होते. आम्ही बौद्ध. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा मी लहान होते, वडिलांच्या खांद्यावर बसून मी फक्त डोकी पाहिली, पांढऱ्या कपड्यांतली, नजर पोचेल तिथपर्यंत. त्या दिवशी वडिलांनी ज्या प्रतिज्ञा घेतल्या त्यांत जुने देव मानणार नाही ही एक होती, आणि ती त्यांनी पाळली. आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत दोन तसबिरी होत्या. एक बुद्धाची. दुसरी निळ्या कोटातल्या, चष्मा लावलेल्या त्या गृहस्थांची, ज्यांच्यामुळे माझ्या वडिलांच्या हातात पाटी आली. तुमच्या घरी आज भिंतीवर आहेत त्याच.

आम्ही भिलाईला आलो तेव्हा क्वार्टर मिळायला दोन महिने लागले. ते दोन महिने आम्ही कॅम्पात, वडिलांच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या झोपडीत काढले. एक खोली, त्यात ते चौघं आणि आम्ही तिघं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. आम्ही दोघी एका गोधडीत झोपत होतो. तिच्या आईनं आमच्या ताटात भात आधी वाढला आणि आपल्या मुलांच्या ताटात नंतर, हे मी रोज पाहिलं आहे. ती मुलगी पुढे माझ्याच वर्गात आली. नळापाशी बसायची.

आता तुम्ही विचाराल, मग मी नळापाशी का बसले नाही?

शाळेच्या पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी दारात उभी होते. दोन लांब वेण्या घातलेली, लाल रिबिनी लावलेली एक मुलगी माझ्यापाशी आली. ड्रॉइंग ऑफिसातल्या साहेबांची ती मुलगी. मराठी खांबाचं सगळं तिच्या हाती होतं.

‘‘हजेरीत नाव ऐकलं तुझं. मराठी ना गं तू? मग इथं काय खांबासारखी उभी राहिली? चल, आमच्यात बस.’’

आमचं आडनाव दोन्हीकडं असतं. ब्राह्मण सोडून विदर्भातल्या निम्म्या जातींत ते सापडेल. तिनं ऐकलं ते आडनाव, आणि तिला जे वाटलं ते तिला वाटलं. मी काही बोलले नाही. मी जाऊन बसले. सावली होती, शेजारी माणूस होतं, आणि कोणीतरी मला हाक मारून बोलावलं होतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला याहून जास्त काय हवं असतं?

चार दिवसांनी वेण्यावालीनं डब्यातलं लोणचं वाढता वाढता विचारलं, ‘‘तुमच्याकडं महालक्ष्म्या कशा असतात? उभ्या की बसलेल्या?’’

 भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, हे मला नागपूरच्या शेजारणींमुळे माहीत होतं, पण उभ्या म्हणजे काय आणि बसलेल्या म्हणजे काय, देव जाणे. ‘‘उभ्या,’’ मी म्हणाले. ‘‘गावाला, आजीकडं.’’

‘‘आमच्यापण उभ्याच!’’ ती खूश झाली.

ते पहिलं खोटं. त्यानंतर मला कळलं की खोटं एकदा बोलून भागत नाही, त्याची राखण करावी लागते. रोज सकाळी शाळेत जाताना मी संभाव्य प्रश्नांची उत्तरं तयार करायची. दसऱ्याला कुठं जाता? (नागपूरला. हे खरं होतं, पण कशाला जातो ते सांगायचं नाही. मामाकडं म्हणायचं.) कुलदैवत कोणतं? वडील सोमवार करतात का? अभ्यासाच्या वहीसारखी मनातल्या मनात उजळणी. 

पण सगळ्यांत मोठी भीती प्रश्नांची नव्हती. ती होती नळापाशी बसणाऱ्या मुलीची.

आपल्यात एकमेकांना भेटल्यावर जयभीम म्हणतात. ती मला पहिल्या आठवड्यात शाळेच्या फाटकात भेटली तेव्हा लांबून हात हलवत मोठ्यानं म्हणाली, ‘‘जयभीम वं!’’ माझ्या दोन पावलं पुढे वेण्यावाली चालली होती. मी वाकून चपलेचा पट्टा ठीक करू लागले. पट्ट्याला काहीही झालं नव्हतं. ती जवळ येऊन थांबली. मी वर पाहिलं नाही. तिचे पाय मला दिसत होते, मुरमाच्या लाल धुळीनं माखलेले. थोड्या वेळानं ते पाय निघून गेले.

नंतर कधी तिनं मला शाळेत हाक मारली नाही. रविवारी कॅम्पात बुद्धवंदनेला आम्ही भेटायचो, तिथं ती माझ्याशी बोलायची, पण शाळेचा विषय तिनं काढला नाही. माझी भीती मात्र कमी झाली नाही. रोज वाटायचं, आज म्हणेल. नळाकडून कोणी मोठ्यानं बोललं की माझे कान गरम व्हायचे.

मग पावसाळा संपत आला आणि भुलाबाईचे दिवस आले.

तुम्ही भुलाबाई पाहिलेली नाही. आमच्या विदर्भात भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली भुलाबाई बसवतात. मातीची जोडी असते, भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर. मुली रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी जमतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी त्या घरची मुलगी खाऊ ओळखायला लावते. झाकलेला डबा कानाशी धरून हलवायचा आणि आत काय आहे ते आवाजावरून सांगायचं. ओळखता आलं नाही तर सगळ्याजणी हरल्या.

वेण्यावालीनं यादी केली. कोणत्या दिवशी कोणाकडं. माझं नाव तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी.

‘‘आमच्याकडं... भुलाबाई नाही इथं,’’ मी म्हणाले. ‘‘गावाला आहे.’’

‘‘तुझं सगळंच गावाला आहे गं!’’ एक बुटकी, गोरी, सारखी थट्टा करणारी मुलगी होती, ती म्हणाली. ‘‘इथं काय आणलं मग, नुसती बोचकी?’’

सगळ्या हसल्या. मीही हसले.

‘‘त्याचं काय एवढं,’’ वेण्यावाली म्हणाली, ‘‘मी आमची आणते टोपलीतून. पाटासकट.’’

म्हणजे जो देव न मानण्याची शपथ माझ्या वडिलांनी घेतली होती तो टोपलीत बसून आमच्या घरी येणार होता. आणि ज्या घरी तो येणार होता तिथं भिंतीवर दोन तसबिरी होत्या, ज्या पाहिल्यावर कोणाला काही विचारायची गरज उरणार नव्हती.

मी आठवडाभर जेवले नाही म्हटलं तरी चालेल. शेवटी आईला सांगितलं. वाटलं होतं, ती नाही म्हणेल आणि मी सुटेन. आजारी पडल्याचं सोंग करायचं ठरवूनही ठेवलं होतं. पण आई चुलीपुढं भाकरी उलटत म्हणाली, ‘‘येऊ दे. शुक्रवारी तुये बाबा सेकंड शिफ्टले राहतीन.’’

‘‘तुला चालेल?’’

‘‘लहानपणी पाटलाच्या वाड्यात पोरी म्हनत, आन् आमी कुंपनाच्या बाहेर उभ्या राहून आयकत होतो. सारी गानी पाठ हायेत मले. एकदा घरात बसून म्हनून पाहतो.’’

आई अशी हसली की मला वाईट वाटलं. मग मी तसबिरींचं बोलले. काढू का, असं विचारायचं धाडस झालं नाही. म्हणाले, ‘‘त्यावर तो पोपटांचा पडदा लावू का? भिंत चांगली दिसेल.’’

 आईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. ‘‘लाव,’’ म्हणाली.

तो मी भरलेला कापडाचा तुकडा होता, शिवणाच्या तासाला. दोन पोपट, मध्ये आंब्याची फांदी. शुक्रवारी वडील दीड वाजताच सायकलवर टांग मारून गेले होते. शाळेतून आल्याबरोबर मी स्टुलावर चढून तो दोन्ही तसबिरींवर लावला. वरच्या दोन टोकांना खिळे होते, खालची टोकं मोकळी. मी खोलीत चारी बाजूंनी उभी राहून पाहिलं. दारातून काही दिसत नव्हतं. खिडकीच्या बाजूनं वाकलं तर चौकटीचा कोपरा दिसत होता, म्हणून खिडकीपुढं मी पाण्याचा माठ आणून ठेवला. कोणी तिकडं बसू नये.

पाच वाजता त्या आल्या. सात जणी. दारात सात जोड चपला. वेण्यावालीनं टोपलीतून मातीची जोडी काढून पाटावर ठेवली, नेमकी पडद्याच्या भिंतीखाली. ‘‘छान जागा आहे गं,’’ म्हणाली. ‘‘आणि पोपट कोणी भरले?’’

‘‘मी.’’

‘‘डावा पोपट उपाशी दिसून राहिला,’’ बुटकी म्हणाली.

गाणी सुरू झाली. मला एकही गाणं ऐकू येत नव्हतं. माझं सगळं लक्ष पडद्याच्या खालच्या टोकांवर होतं. ऑक्टोबरची संध्याकाळ, वारा नव्हता, तरी प्रत्येक टाळीसरशी मला टोकं हलल्यासारखी वाटत. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला. मुलींचं एक गाणं संपलं होतं तिथून तिनं पुढे उचललं होतं. आधी हळू, मग मोकळा. सगळ्या तिकडं वळल्या.

‘‘काकू, हे कडवं तर आम्हाला कोणालाच येत नाही!’’ वेण्यावाली म्हणाली. ‘‘या ना, आमच्यात बसा.’’

आई पदराला हात पुसत आली आणि घोळक्यात बसली. तिनं तीन गाणी म्हटली. मुली तिच्या तोंडाकडं पाहत मागोमाग म्हणत होत्या. तेवढा वेळ, फार तर दहा मिनिटं, मी पडद्याकडं पाहायचं विसरले. मला वाटलं, झालं. जमलं.

आणि दारात सावली पडली.

ती होती. नळापाशी बसणारी, हातात आमचाच पितळी डबा. आईनं रविवारी त्यांच्याकडं काहीतरी पाठवलं होतं, तो परत द्यायला ती आली होती. आमच्या दारात ती नेहमी एकाच शब्दानं यायची, आत पाऊल टाकायच्या आधी, आईला उद्देशून. तिनं तोंड उघडलं. मग तिला सात जोड चपला दिसल्या. मग आम्ही. मग पाट आणि त्यावरची मातीची जोडी. मग तिची नजर वर गेली, नेहमी जिथं जायची तिथं, आणि पोपटांवर थांबली.

तिनं तोंड मिटलं.

मला रडू यावं इतकं हायसं वाटलं. हेही तुम्हाला सांगायला हवं, कारण खरं आहे. आधी हायसंच वाटलं.

‘‘ही तर नळावरची!’’ बुटकी कुजबुजली. वेण्यावाली माझ्या कानाशी आली. पण तिची कुजबुज खोलीभर ऐकू जायची. ‘‘ही तुमच्याकडं कशी गं? ही त्यांच्यातली ना? आत येऊ देता तुम्ही?’’

सगळ्या माझ्याकडं पाहत होत्या. आईसुद्धा. उत्तरांची जी वही मी मनात ठेवली होती तिच्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

‘‘नाही नाही,’’ मी म्हणाले. ‘‘तिची आई आमच्याकडं अंगण झाडायला येते.’’

 दारातल्या मुलीचा चेहरा मी पाहिला नाही. तिनं वाकून डबा उंबऱ्याच्या बाहेरच ठेवला. माझ्या आईला ती मावशी म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, ‘‘डबा ठेवून जातो, बाईसाहेब.’’

‘‘थांब वं पोरी...’’ आई उठायला लागली, पण ती गेली होती.

आई पुन्हा बसली नाही. आत गेली आणि खाऊचा डबा घेऊन आली. वेण्यावालीनं तो कानाशी धरून हलवला. ‘‘करंजी? नाही. शेंगदाणे?’’ डबा हातोहात फिरला. कोणालाच ओळखता आलं नाही. आईनं झाकण काढलं. मुर्रा लाडू होते, चुरमुऱ्यांचे, गुळात वळलेले. ते करायला कॅम्पातल्या त्या झोपडीत ती शिकली होती, त्या मुलीच्या आईकडून. सगळ्यांनी दोन दोन खाल्ले. बुटकीनं तीन.

त्या गेल्यावर आईनं पडदा काढला.  एक ओला फडका माझ्या हातात दिला, दोन्ही तसबिरी उतरवून माझ्या मांडीवर ठेवल्या, आणि मी पुसत असताना समोर उभी राहिली. मी पुसून झाल्या म्हटलं की म्हणायची, ‘‘अजून.’’

सकाळी वडील चहा पिताना भिंतीकडं पाहून म्हणाले, ‘‘आज काच कशी चकचकून राहिली. कोनं पुसली वं?’’

‘‘हिनं,’’ आई म्हणाली.

वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘शाबास बेटा.’’

त्या दिवशी शनिवार, अर्धी शाळा. छोटी सुट्टी झाली आणि आम्ही खांबाशी जाऊन पाहतो तो फरशीवर धुळीचा थर. रात्री कारखान्याकडून वारा आला की असा थर यायचा, लालसर, बोटानं नाव लिहिता येईल इतका. एरवी आम्ही वहीच्या पुठ्ठ्यानं झटकून बसायचो. वेण्यावालीनं नळाकडं पाहिलं आणि हाक मारली.

‘‘ए! इकडं ये. तुझी आई हिच्याकडं झाडायला येते ना? जरा एवढं झाडून दे.’’

हाक मारणारी दुष्ट नव्हती, हे लक्षात ठेवा. मीच तिला तसं सांगितलं होतं. तिनं ते खरं धरलं, एवढंच.

ती आली. पटांगण ओलांडून, घाई न करता. खांबापासून चार हातांवर थांबली. वेण्यावालीकडं तिनं पाहिलंच नाही. माझ्याकडं बोट केलं.

‘‘हिले विचारा. हिनं म्हटलं तर झाडतो.’’

‘‘सांग ना गं,’’ वेण्यावाली मला म्हणाली.

बाळांनो, मी पुढं इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, भीतीसाठी त्या भाषेत किती शब्द आहेत ते मला माहीत आहे. त्यातला एकही त्या क्षणाला पुरत नाही.  ‘झाड’ म्हटलं तरी मी संपले होते आणि ‘नको’ म्हटलं तरी. ती वाट पाहत उभी होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

घंटा झाली. चपराशी ती नेहमीपेक्षा जोरात वाजवत होता, निदान मला तसं वाटलं. सगळ्या वर्गाकडं पळाल्या. वेण्यावाली जाता जाता म्हणाली, ‘‘सोमवारी सांग बरं का. धूळ रोजचीच आहे.’’

रविवारी वंदनेला जायचं होतं. मी पोट दुखतं म्हणून पडून राहिले. खोटं होतं, आणि दुखतही होतं. मला खात्री होती की कॅम्पात सगळ्यांना आता कळलेलं असणार. तिनं आपल्या आईला सांगितलं असणार, तिच्या आईनं सगळ्या बायकांना, आणि वडील तिथं त्या सगळ्यांमध्ये बसलेले असणार. दुपारभर मी सायकलच्या आवाजाकडं कान लावून पडले होते. वडील आले तेव्हा मी गोधडी डोक्यावरून घेतली.

त्यांनी गोधडी बाजूला केली. त्यांच्या हातात कागदाची एक पुडी होती.

‘‘हे घे. तुयं पोट दुखून राहिलं म्हनून कॅम्पातल्या मावशीनं ओवा देल्ला. गरम पान्यासंग घे म्हने. आन् पोरगी इचारत होती, सोमवारी शाळेत येशीन ना म्हनून.’’

तिनं घरी काही सांगितलं नव्हतं.

मी पुडी उघडली. ओवा भाजलेला होता, अजून थोडा कोमट. आईनं पाणी आणून दिलं. मी चावत होते आणि तोंड कडू होत होतं, आणि आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती, माझ्याकडं न पाहता.

सोमवारी मधली सुट्टी झाली. मी सगळ्यांबरोबर खांबाशी गेले. डबा खाली ठेवला. फरशीवर धूळ होती. वेण्यावालीनं पुन्हा माझ्याकडं पाहून भुवया उडवल्या. मी उभीच होते. मग मी व्हरांड्याची पायरी उतरले.

पटांगण फार मोठं नव्हतं. मी नंतर कधीतरी ते पावलांनी मोजलं, बासष्ट पावलं. त्या दिवशी ते संपेना. उन्हात माझी सावली पायांखाली होती. पाठीमागं कोणीतरी माझं नाव घेतलं. मी वळले असते तर पुढं गेले नसते, हे मला माहीत होतं.

नळापाशी पाच-सहा मुली बसल्या होत्या. मी गेले तशा बोलायच्या थांबल्या. एक छत्तीसगडी मुलगी म्हणाली, ‘‘का होगे, बहिनी?’’ म्हणजे काय झालं.  मी कॅम्पातल्या त्या मुलीसमोर जाऊन उभी राहिले. ती भाकरी खात होती.

‘‘जयभीम,’’ मी म्हणाले.

ती घास चावत राहिली. तो गिळला. नळाखाली हात धरला, पाणी प्याली. मग म्हणाली, ‘‘मले आयकू नाही आलं.’’

शाळेच्या फाटकातले ते धुळीचे पाय मला आठवले. मी वाकले होते, पट्टा ओढत होते, आणि मलाही ऐकू आलं नव्हतं.

मी श्वास घेतला. माझ्या मागं अख्खा व्हरांडा होता, सगळे खांब. मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की माझा आवाज फाटला. दोन्ही हात आपोआप जोडले गेले होते. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला, आणि व्हरांड्यातली कलकल थांबली. ती शांतता मला अजून कधी कधी स्वप्नात ऐकू येते.

‘‘जयभीम,’’ ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात. मग म्हणाली, ‘‘डबा कुठं हाये तुया?’’

डबा खांबाशी राहिला होता.

‘‘घेऊन ये,’’ ती म्हणाली. ‘‘मी नाही आनणार.’’

जाताना मागून नाव ऐकू आलं होतं, परतताना सगळे डोळे समोर होते. खांबापाशी मुलींनी गोल बसून घेतलं होतं, मी बसायचे ती जागा बुजली होती. डबा गोलाच्या बाहेर सरकवलेला होता. बुटकीनं थट्टा केली नाही. ती खाली पाहत होती. वेण्यावालीचे डोळे भरले होते, आणि तिचा आवाज घाबरलेला होता, माझ्याइतकाच.

‘‘आम्ही तुमच्याकडचं खाल्लं,’’ ती म्हणाली. ‘‘आमची भुलाबाई होती तुमच्या घरात. मी आईला काय सांगू आता?’’

मी डबा उचलला.  पुन्हा बासष्ट पावलं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, म्हणजे तुम्ही उगीच चांगलं समजणार नाही. त्या खांबाशी मी नंतर कधी बसले नाही. त्यांच्यातल्या काही जणी वर्गात माझ्या बाकावरून उठून दुसरीकडं गेल्या. वर्षभर मी व्हरांड्यातून जाताना भिंतीच्या कडेनं जायची. भीती गेली नाही. फक्त उत्तरांची ती वही मला परत उघडावी लागली नाही.

आणि धाकटीला एवढंच. तू वाचनालयात बसतेस त्यात मला काही चूक वाटत नाही. तिथं तुला कसला पडदा लावावा लागत नाही ना? मग बस निवांत. टेबल शोधायची घाई करू नकोस, पण कोणी हाक मारली तर पट्टा ठीक करायला वाकू नकोस.

त्या दिवशी मी नळापाशी चिखल सोडून एका विटेवर बसले. डब्याचं झाकण निघेना. तिनं डबा माझ्या हातातून घेतला. उघडला नाही. कानाशी धरला, दोनदा हलवला, आणि डोळे बारीक करून ऐकत राहिली.

‘‘मुर्रा लाडू,’’ ती म्हणाली. ‘‘माया मायच्या हाताखाली शिकलेले.’’

आणि झाकण काढून पहिला तिनंच घेतला.